कॅथलिक लोक मरियेला आणि आईला एवढा मान देतात, मग बाई फादर का होऊ शकत नाही?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी लिहिलंय: "मी इंदूरची, मराठी, हिंदू घरातली. मे महिन्यात कॅथलिक मैत्रिणीच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला गेले होते. मरियेची मूर्ती फुलांनी सजवली होती, सगळ्या आयांना गुलाब दिले. पण वेदीजवळ सगळे पुरुषच. आईला एवढा मान आणि बाईला फादर होता येत नाही, तर हा मान खरा की देखावा? आणि मी मरियेपुढे मेणबत्ती लावली तर चालेल का?"

ताई, माझं माहेर वसईचं. लग्न होऊन इंदूरला आले त्याला ३१ वर्षं झाली. सासरचे मूळ नगर जिल्ह्यातले, ज्या जिल्ह्यातल्या चौंडीला अहिल्याबाईंचा जन्म झाला तिथले. सासरे गिरणीतल्या नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत मल्हारराव होळकर होते, आणि आता वसईची लेक होळकरांच्या गावात सून म्हणून आली, हे ते पाहुण्यांना फार कौतुकाने सांगायचे. मी शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. रविवारी धर्मग्रामातल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या कॅथलिक समाजातल्या, मुलांना धर्मशिक्षण देते. चर्चमध्ये सगळं हिंदीत, त्यामुळे तिथे मरियेची प्रार्थना "प्रणाम मरिया" अशी म्हणते आणि रात्री घरी जपाची माळ हातात घेतली की आपोआप "नमो मरिया" येतं.

मान खरा आहे. तो अपुरा पडलाय हेही खरं आहे. या दोन्ही गोष्टी मी मनापासून मानते, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी मरियेबद्दल, कारण तिथेच सगळ्यांची गफलत होते. आम्ही पूर्वी रामबागेत राहायचो. शेजारच्या काकूंकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसायच्या. मरियेचा जन्मदिवस ८ सप्टेंबरला, त्यामुळे कित्येक वर्षी दोन्ही सण आगेमागे यायचे. काकूंकडून पुरणपोळीचं ताट यायचं आणि आमच्याकडून केक जायचा. एकदा त्यांनी विचारलं, "तुमची मरिया म्हणजे आमच्या महालक्ष्मीसारखीच ना?" मी म्हटलं, नाही हो काकू, ती देवी नाही. आराधना आम्ही फक्त देवाची करतो. मरिया माणूस. नासरेथ नावाच्या लहानशा गावातली मुलगी. तिला वंदन करतो, तिच्याकडे आमच्यासाठी प्रार्थना माग म्हणून विनवतो. इसवी सन ४३१ मध्ये एफेससच्या धर्मसभेने तिला 'देवमाता' म्हटलं, ते तिच्या पोटी जो जन्मला तो कोण होता हे ठरवताना. काकूंना हे पटलं की नाही ठाऊक नाही. पण "म्हणजे ती आपल्यातलीच" एवढं त्या म्हणाल्या, आणि ते अगदी बरोबर होतं.

आता ही आपल्यातली मुलगी शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, काय करते ते बघा. देवदूत येतो तो थेट तिच्याकडे. तिच्या वडिलांना कुणी विचारत नाही, ज्याच्याशी वाङ्निश्चय झालाय त्या योसेफलाही नाही. त्या काळात मुलीच्या आयुष्याचा निर्णय घरातले पुरुष घेत, आणि इथे देव एका मुलीच्या होकारासाठी थांबलाय. तीही लगेच हो म्हणत नाही. आधी विचारते, हे कसं होणार? उत्तर मिळाल्यावर हो म्हणते. आमच्यात कित्येक वर्षं मुलींना 'मरियेसारखी हो' म्हणजे 'मुकाट्याने ऐक' असं शिकवलं गेलं. माझ्या वर्गातल्या मुलींना मी तो प्रश्न आधी वाचायला लावते.

मग ती डोंगराळ भागात नात्यातल्या एलिझाबेथकडे जाते. हा लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातला प्रसंग मला सगळ्या बायबलमध्ये जवळचा वाटतो. दोन गरोदर बायका, एक म्हातारपणी दिवस गेलेली, दुसरी कोवळी. घरात एलिझाबेथचा नवरा जखऱ्या आहे. तो मंदिरातला याजक, पण देवदूतावर विश्वास ठेवला नाही म्हणून त्याची वाचा गेलेली आहे. म्हणजे त्या घरात याजक मुका आहे आणि देवाबद्दल बोलतायत त्या बायका. एलिझाबेथ मरियेला म्हणते, स्त्रियांमध्ये तू धन्य आणि तुझ्या पोटचं फळ धन्य. 'नमो मरिया' ही प्रार्थना तुम्ही बाप्तिस्म्याच्या वेळी ऐकली असेल, तिच्या मधोमध हेच वाक्य आहे. सुरुवात देवदूताची, मग एका गरोदर बाईने दुसरीला दिलेला आशीर्वाद. दहा मण्यांच्या गटाला आम्ही दशक म्हणतो; पाच दशकांच्या एका माळेत, सुरुवातीच्या तीन धरून, ही प्रार्थना ५३ वेळा येते. पोप माळ जपतात तेव्हा तेही एलिझाबेथचं हे वाक्य ५३ वेळा म्हणतात.

त्यावर मरिया जे गीत गाते त्यात अंगाईसारखं काही नाही. देवाने सत्ताधाऱ्यांना आसनांवरून खाली ओढलं, दीनांना वर उचललं, भुकेल्यांना तृप्त केलं आणि धनवंतांना रिकाम्या हाती परत लावलं, असं ती म्हणते. चर्चच्या सायंप्रार्थनेत हे गीत रोज असतं. जगभरातले फादर आणि सिस्टर रोज संध्याकाळी या बाईचे शब्द म्हणतात. वेदीवर पुरुष आहेत हे तुम्ही पाहिलंत ते खरंच, पण त्यांच्या तोंडी शब्द कुणाचे आहेत हेही एकदा ऐका.

आता माझी आई. आमच्याकडे तिला आय म्हणतात. वाडीतली केळी, दुधी, वांगी आणि सोनचाफ्याची फुलं घेऊन ती पहाटेच्या गाडीने दादरला विकायला जायची. चार बुकंही शिकलेली नव्हती. माळेचे मणी मोजायला हात मोकळा नसायचा, डोक्यावर आणि कमरेवर टोपल्या. मग ती स्टेशनं मोजायची. नायगाव आलं की एक दशक, भाईंदरला दुसरं. गर्दी असली आणि गाडी मध्येच थांबली की तिची दशकंही लांबायची. आम्हा भावंडांना क्रूसाची खूण करायला तिने शिकवलं, 'आमच्या बापा' तिने शिकवली, मेलेल्या माणसासाठी आणि भांडलेल्या माणसासाठी प्रार्थना कशी करायची तेही तिनेच. फादरांनी आम्हाला बाप्तिस्मा दिला, पण विश्वास हातात आला तो तिच्याकडून. हे एका माझ्या घरचं नाही. कुठल्याही कॅथलिक माणसाला विचारा, पहिली प्रार्थना कुणी शिकवली. आई, आजी, नाहीतर एखादी सिस्टर.

चर्चलाही हे ठाऊक आहे. तुमच्या मैत्रिणीच्या बाळाच्या बाप्तिस्म्याच्या शेवटी फादरांनी तीन आशीर्वाद दिले असतील. त्यात पहिला बाळाला घेतलेल्या आईला असतो, मग वडिलांना, मग सगळ्या जमलेल्यांना. पुढच्या वेळी लक्ष देऊन ऐका.

संत ऑगस्टीन हा चर्चच्या थोर विचारवंतांपैकी एक. तो तरुणपणी भरकटला होता आणि त्याची आई मोनिका वर्षानुवर्षं त्याच्यासाठी रडत, प्रार्थना करत त्याच्या मागे इटलीपर्यंत गेली. तिचा सण २७ ऑगस्टला आणि मुलाचा २८ ला. आधी आई, मग मुलगा. आमच्या धर्मग्रामातल्या ज्या बायकांची मुलं दारूत किंवा कर्जात अडकली आहेत, त्या २७ ऑगस्टच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, न चुकता येतात. मी त्यांच्या शेजारी बसते. त्या मिस्सेत कुणी फारसं गात नाही.

पण आई होणं हीच कॅथलिक बाईची एकमेव वाट आहे असं तुम्हाला वाटू नये. इंदूरकर म्हणून तुम्हाला सिस्टर रानी मारिया माहीत असायलाच हव्यात. केरळच्या पुल्लुवळी गावच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या सिस्टर. देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आदिवासी शेतमजुरांमध्ये काम करत होत्या. सावकाराच्या कर्जातून लोकांना सोडवायचं, बँकेचं कर्ज आणि सरकारी योजना त्यांच्यापर्यंत पोचवायच्या, बायकांना एकत्र करायचं, असं ते काम. ज्यांचं त्यामुळे नुकसान होत होतं त्यांनी मारेकरी घातला. २५ फेब्रुवारी १९९५ ला त्या उदयनगरहून इंदूरला बसने येत होत्या. नाचनबोर डोंगराजवळ भर बसमध्ये, प्रवाशांच्या डोळ्यांदेखत त्यांना भोसकून मारलं. वय ४१. अंगावर ५० हून जास्त जखमा होत्या. मी तेव्हा नवी नवरी होते, इंदूरला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. घरात सगळे गप्प बसले होते आणि सासूबाईंनी न बोलता मेणबत्ती पेटवून दारात ठेवली, ते मला आजही दिसतं.

पुढचं ऐका. २००२ मध्ये त्यांची सख्खी धाकटी बहीण, तीही सिस्टर, तुरुंगात गेली आणि त्या मारेकऱ्याला राखी बांधून आली. रानी मारियांच्या आईनेही त्याला माफ केलं. २००६ मध्ये तो सुटला तो या कुटुंबाने त्याच्या सुटकेला साथ दिली म्हणून, आणि मग तो केरळला त्यांच्या घरी जाऊन आला. ज्या आईची लेक अशी गेली तिने हे केलं. मी स्वतः आई आहे, मला हे जमलं असतं असं मी म्हणू शकत नाही. ४ नोव्हेंबर २०१७ ला इथे इंदूरमध्ये, शाळेच्या मैदानावर, रानी मारियांना 'धन्य' घोषित केलं, ही संतपदाच्या आधीची पायरी. पोप फ्रान्सिस यांच्या वतीने कार्डिनल अँजेलो अमातो आले होते. मी त्या गर्दीत होते. आमच्या प्रांताने जगाच्या चर्चला जी पहिली रक्तसाक्षी, म्हणजे विश्वासासाठी प्राण देणारी व्यक्ती, दिली ती एक बाई आहे, आणि ती कुणाच्या आज्ञेत गप्प बसून नव्हे तर सावकारांच्या विरोधात उभी राहून तिथे पोचली.

आता तुमचा मुख्य प्रश्न, बाई फादर का नाही. चर्चचं म्हणणं असं की येशूने बारा प्रेषित निवडले ते सगळे पुरुष होते, फादर वेदीवर ख्रिस्ताच्या जागी उभा राहतो, आणि ही परंपरा बदलायचा अधिकार चर्चला नाही. २२ मे १९९४ च्या पत्रात पोप दुसरे जॉन पॉल यांनी हे अगदी निक्षून सांगितलं. मी चर्चची लेक आहे, ही शिकवण मी स्वीकारते. मला स्वतःला फादर व्हावंसं कधी वाटलं नाही. पण ज्या बायकांना आतून तशी हाक ऐकू येते त्यांचं दुःख खोटं आहे असं मी कुणाच्याही सांगण्यावरून म्हणणार नाही.

माझी तक्रार दुसऱ्याच जागी आहे. वेदीवर कोण उभं राहतं हा एक प्रश्न, आणि कुणाचं ऐकलं जातं हा वेगळा. हे दोन्ही शतकानुशतकं एकच समजले गेले, आणि तिथे आमचं चुकलं. अहिल्याबाईंना आपण लोकमाता म्हणतो. पण लोकमाता म्हणून त्यांना नुसतं मखरात बसवलं नव्हतं, त्या महेश्वरला बसून न्यायनिवाडा करत, हिशेब तपासत, राज्य चालवत. आई आणि अधिकार एका बाईत राहू शकतात हे आपल्या इंदूरला कुणी शिकवायची गरज नाही.

बायबलमध्येही हे आहेच. क्रूसाखाली उभ्या राहिल्या त्या बहुतेक बायका. पुनरुत्थान झालेल्या येशूला सगळ्यांत आधी मरिया मग्दालियाने पाहिलं आणि शिष्यांना जाऊन सांगण्याचं काम त्याने तिच्यावर सोपवलं. बायकांचं ते सांगणं शिष्यांना वायफळ वाटलं असं लूकने स्वच्छ लिहून ठेवलंय. पुढे तर सहाव्या शतकात पोप ग्रेगरी यांच्या एका प्रवचनातून ती आणि शुभवर्तमानातली दुसरीच एक पापी बाई एकच असा समज पसरला, आणि तो डाग तिच्यावर हजारावर वर्षं राहिला. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी २२ जुलै हा तिचा दिवस प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीचा केला. 'प्रेषितांची प्रेषिता' हे तिचं जुनं नाव पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आलं.

उशिरा का होईना, हालचाल आहे. १९७० मध्ये अविलाची तेरेसा आणि सिएनाची कॅथरीन यांना चर्चच्या आचार्या, म्हणजे ज्यांची शिकवण सगळ्या चर्चला मार्गदर्शक अशा संत, म्हणून मान मिळाला, तोवर तो एकाही बाईला मिळाला नव्हता. पुढे १९९७ मध्ये लिझिएची तेरेझा आणि २०१२ मध्ये हिल्डेगार्ड. १९९५ मध्ये, म्हणजे रानी मारिया गेल्या त्याच वर्षी, जॉन पॉल यांनी जगातल्या स्त्रियांना पत्र लिहून चर्चच्या लोकांकडून झालेल्या अन्यायाबद्दल खेद व्यक्त केला. २०२१ मध्ये मिस्सेत वाचन करण्याची आणि वेदीसेवेची अधिकृत सेवापदं बायकांना खुली झाली. ऑक्टोबर २०२३ च्या रोममधल्या सिनडमध्ये, म्हणजे बिशपांच्या सभेत, बायकांनी पहिल्यांदा मत दिलं. जानेवारी २०२५ मध्ये सिस्टर सिमोना ब्राम्बिला व्हॅटिकनच्या एका मुख्य विभागाच्या प्रमुख झाल्या, आणि त्या विभागाच्या हाताखाली पुरुषांचेही धर्मसंघ येतात. ही बातमी मी वाचली तेव्हा मला आय आठवली. मला तिला फक्त एवढंच सांगायचं होतं, "बघ, एक सिस्टर."

आता खालची गोष्ट, आमच्या पातळीवरची. काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात मातृदिनाची मिस्सा होती. प्रवचनात आईची स्तुती झाली, सगळ्यांना गुलाब मिळाले, टाळ्या झाल्या. मिस्सा संपली आणि त्याच गुलाबवाल्या बायका पदर खोचून चहा-नाश्त्याला लागल्या, दोनशे माणसांचे पोहे. त्याच दुपारी बैठकीत आम्ही दोघींनी सुचवलं की सणाच्या मंडपात बायकांसाठी वेगळ्या शौचालयाची सोय करा, म्हाताऱ्या बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. "पुढच्या वर्षी बघू" असं उत्तर आलं. मला तो गुलाब घरी नेववला नाही. तुम्ही मराठी घरातल्या, म्हणून पिठोरी अमावास्या तुम्हाला ठाऊक असेल. आपला जुना मातृदिन. त्यातही उपास आईच धरते, खीरपुरी आईच करते, आणि मग खांद्यावरून मागे ताट धरून "अतिथी कोण?" विचारते. आईच्या दिवशी राबते आईच. यात कॅथलिक आणि हिंदू असा फरक मला दिसत नाही. त्या मंडपात दोन वर्षांनी सोय झाली, कारण समितीत तीन बायका निवडून आल्या.

आणि एक चांगली गोष्ट सांगते. अंथरुणाला खिळलेल्यांना घरी ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, नेऊन द्यायला सामान्य बायका-पुरुषांनाही परवानगी असते. ती सेवा मी नऊ वर्षं करते आहे. एक आजी होत्या, सुदामा नगरकडे राहायच्या. पहिल्यांदा गेले तर म्हणाल्या, फादरांच्याच हातून घेईन. मी प्रार्थना म्हणून परत आले. पुढच्या वेळीही तसंच. तिसऱ्यांदा धो धो पाऊस होता, मी भिजून पोचले. त्यांनी मला टॉवेल दिला, चहा करायला लावला आणि मग हात जोडून, तोंड उघडलं. त्यानंतर त्या जाईपर्यंत मीच जात होते. प्रसाद झाला की त्या त्यांच्या आईबद्दल बोलायच्या, औरंगाबादकडच्या कुठल्याशा खेड्यात ती विहिरीवर पाणी भरताना भजनं म्हणायची, त्याबद्दल. ते ऐकण्यात माझा तासभर जायचा आणि मला त्याची कधी घाई वाटली नाही.

मेणबत्तीचं. लावा, खुशाल लावा. मुंबईत वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेला कितीतरी हिंदू घरं दरवर्षी जातात, कुणी कुणाचा धर्म विचारत नाही. तुम्हाला काही सोडावं लागत नाही आणि काही कबूलही करावं लागत नाही. फक्त मिस्सा चालू असताना ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभ्या राहू नका, तो बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असतो. बाकी वेळी, विशेषतः दुपारी, चर्च शांत असतं. मरियेपुढे मेणबत्ती लावा आणि तुमच्या आईचं नाव घ्या. असतील तर घरी गेल्यावर त्यांना सांगा की नाव घेतलं. मी माझ्या आयचं घेते, तिला जाऊन आता सात वर्षं झाली.